हिरव्या रेघा

टॉर्क पाना सैल करून पाठवणारं गॅरेज विरळाच. हा पाना म्हणजे हातभर लांबीचा दांडा. मुठीवरचा आकडा फिरवून जोर ठरवायचा, आणि बोल्ट तेवढा घट्ट झाला की दांड्यातून टक् असा आवाज येतो, मनगटाला हलका झटका बसतो. हे सगळं आतल्या एका स्प्रिंगच्या जिवावर चालतं. काम झालं की मूठ उलटी फिरवून ती स्प्रिंग सैल करून ठेवावी लागते, नाहीतर ती दमते आणि हळूहळू खोटं बोलायला लागते. उपकरणं तपासून देणाऱ्या त्या प्रयोगशाळेत तिच्या टेबलावर येणारे बहुतेक पाने ताणलेलेच येत, आणि दर वेळी ती मनाशी म्हणायची, ह्यांना घरी कोणी काही सांगितलेलं दिसत नाही. त्या सकाळी मात्र पेटी उघडली तर पाना सर्वांत खालच्या खुणेपर्यंत उतरवलेला, पुसलेला, मऊ फडक्यात गुंडाळलेला. तिला बरं वाटलं. मग तिनं पेटीला बांधलेली चिठ्ठी वाचली आणि तिच्या लक्षात आलं की हे आपल्या मुलीचं गॅरेज आहे.

तिनं नेहमीप्रमाणे आधी मोजणीयंत्राचं शून्य तपासलं. कुठलंही माप घेण्याआधी आणि घेतल्यानंतरही ती शून्य बघायची, त्यामुळे प्रयोगशाळेत तिला मागून शून्यबाई म्हणत, आणि आता इतकी वर्षं झाल्यावर तोंडावरही. पाना यंत्राला लावला, ओढला. टक्. आकडा जिथे असायला हवा तिथेच. वरच्या खुणेवर ओढला, मधल्या खुणेवर ओढला, पुन्हा खालच्या. सगळीकडे बरोबर. नियमाप्रमाणे एवढं पुरेसं होतं. शिक्का मारून पाना परत पेटीत ठेवायचा. तिनं तो पुन्हा लावला. समोरच्या टेबलावर वजनं तपासणारा गृहस्थ काट्यावरची नजर न काढता म्हणाला की आज टकटक संपतच नाहीये, काही सापडलंय का. तिनं सांगितलं, काही नाही, पाना बरा आहे. मग आपण काय शोधत होतो हा प्रश्न तिच्या मनात आला आणि तिनं तो, एखादा भलत्या खोलीत शिरलेला माणूस दार लोटून बाहेर येतो तसा, हळूच लोटून बंद केला. शिक्का मारताना तिला एवढंच जाणवलं की मुलीचा हात तिनं कित्येक महिन्यांत धरलेला नाही आणि आज तिच्या पान्याची मूठ धरली आहे.

घरी, तळमजल्यावरच्या बंदिस्त गाडीखान्यात, सुपरचार्जरचं किट खोक्यात पडून होतं. पडून म्हणजे तसं नव्हे. तिनं खोका उघडून सगळे भाग जुन्या चादरीवर मांडले होते, पुलीचा व्यास मोजला होता, ब्रॅकेटच्या भोकांतली अंतरं मोजली होती, आणि पुन्हा सगळं होतं तसं आत ठेवलं होतं. गाडी जुनी, दोन दारांची, मुलीच्या जन्माच्या वर्षी घेतलेली. सपाटीवर अजून झकास चालायची. पण गावाबाहेर धरणाकडे जाणाऱ्या चढावर, जिथे ती सुट्टीच्या दिवशी एकटीच जायची, शेवटच्या वळणांवर गाडीला धाप लागे. मालाचे ट्रकसुद्धा हात दाखवून पुढे निघून जात. वर हवा विरळ, इंजिनाला श्वास पुरत नाही, एवढं साधं गणित; आणि सुपरचार्जर म्हणजे पट्ट्यावर फिरणारा एक पंप, जो हवा दाबून इंजिनात भरतो. ह्या वयात कुणी उमेदीनं बागकाम घेतं, कुणी गाणं. तिला एकदा तो चढ तिसऱ्या गिअरवर चढायचा होता. हे ती कुणाला सांगत नव्हती, आणि नवऱ्याला न सांगताच कळलं होतं.

प्रश्न एवढाच होता की किट स्वतः बसवायचं की दुकानात द्यायचं. महिनोन्महिने ती हा प्रश्न खिशात किल्ली खेळवावी तसा खेळवत होती. आपला हात जगन्नाथ हे तिचं आयुष्यभराचं धोरण. नळाचा वॉशर, मिक्सरची वायर, वॉशिंग मशीनचा पट्टा, सगळं तिच्या हातचं. आणि किटच्या पत्रकात जे जे सांगितलं होतं त्यात तिच्या आवाक्याबाहेरचं एकच काम होतं. हवा वाढली की इंधनही त्या हिशोबानं वाढवावं लागतं, आणि ते ट्यूनिंग गाडी रोलरवर चढवून, जागच्या जागी पळवूनच करावं लागतं. रोलर घरात नसतात. नवरा दातांचा डॉक्टर. तो जेवताना म्हणाला, "मी इतकी वर्षं लोकांच्या दाढा काढतोय, पण माझी दाढ दुखली की दुसऱ्याकडेच जातो."

"तू घाबरतोस म्हणून."

"घाबरतोच. पण त्याच्या खुर्चीत बसल्यावर त्याचा चिमटा तपासून बघत नाही."

 दुकान, दुकान असं दोघंही म्हणत होते, जणू गावात अशी दुकानं गल्लोगल्ली आहेत. शेवटी भांडी पुसता पुसता त्यानंच सांगितलं की असलं काम करणारं गॅरेज इथे एकच आहे आणि त्याची मालकीण तिच्या ओळखीची आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असंही वर जोडलं. तो मुलीला अजून खार म्हणायचा. लहानपणी ती कपाटावर, खिडकीच्या गजांवर, गाडीच्या टपावर, कुठेही सरसर चढायची म्हणून.

खारीनं पहिल्यांदा चाक बदललं तेव्हा ती दहाएक वर्षांची असेल. रस्त्याच्या कडेला गाडी उभी, उन्हानं टप तापलेला. तिनंच मुलीला सांगितलं होतं, नट तू आवळ, समोरासमोरचे आधी, एकाला लागून दुसरा नाही. पोरगी पान्यावर दोन्ही पायांनी उभी राहून नट आवळत होती, जीभ दातांत धरून. सगळे झाल्यावर पाना आईकडे देऊन तिनं हात झटकले, अगदी मोठ्या माणसांसारखे. आणि आईनं वाकून पहिल्या नटाला पाना लावला, जोर दिला, मग दुसऱ्याला. मनात काहीही नव्हतं. कुलूप लावल्यावर ओढून बघतो, तेवढंच. मुलगी म्हणाली, "मग मला कशाला सांगितलंस?" तिनं उत्तर दिलं होतं की तपासणं म्हणजे अविश्वास नव्हे. उत्तर बरोबर होतं. प्रयोगशाळेत प्रत्येक मापावर दुसरी नजर फिरते, हा नियमच आहे, आणि दुसरी नजर फिरली म्हणून मोजणाऱ्याचा अपमान झाला असं कुणाला वाटत नाही. हा नियम ती घरी आणत आली, पिशवीत भाजी आणावी तसा, सहज. बुटांच्या नाड्या मुलीनं बांधल्या की ती पुन्हा बांधायची. दप्तर मुलीनं भरलं की ती पुन्हा उघडायची. गणितं, अर्ज, पुढे अभियांत्रिकीच्या आकृत्या. त्यातली चूक तिला क्वचितच सापडली, हे तिला आता, इतक्या उशिरा, आठवत होतं. तेव्हा मात्र चूक सापडली नाही की ते बघणं तिच्या हिशोबात धरलंच जात नसे. सापडलेल्या चुका तेवढ्या लक्षात राहत. चांगल्या निरीक्षकानं कधी करू नये अशी ही गोष्ट, आणि ती स्वतःला चांगली निरीक्षक समजत आली होती.

मुलीनं तिसऱ्या वर्षी पदवी अर्धवट सोडून गॅरेजात काम धरलं तेव्हा भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं असं तिला पुढे वाटायचं. भांडणाला निदान शेवट असतो. ती एवढंच म्हणाली होती, "नीट विचार केलायस ना? पुन्हा एकदा कर." मुलीनं मान हलवली आणि खोलीत गेली. ते 'पुन्हा एकदा' ऐकलं तेव्हाच माझं ठरलं, असं मुलीनं बापाला सांगितलं होतं, आणि बापानं ते बऱ्याच वर्षांनी, दुसऱ्याच कशाबद्दल बोलताना, सहज सांगून टाकलं. पुढे मुलीनं भागीदारीत स्वतःचं गॅरेज काढलं. पहिल्या दिवशी दोघं बघायला गेले. पेढीवर फुलं, भिंतीवर हत्यारं आकारानुसार टांगलेली, प्रत्येकाच्या मागे त्याची रंगवलेली छाया, म्हणजे जागा रिकामी असेल तर लगेच दिसावी. तिला ते इतकं आवडलं की डोळे भरून आले. आणि गाड्या उचलायच्या लिफ्टजवळ उभी असताना, मुलगी काहीतरी समजावून सांगत असताना, तिचा हात आपोआप खांबाच्या पायथ्याशी गेला आणि जमिनीतला बोल्ट हलतो का ते बोटांनी बघून आला. मुलगी बोलायची थांबली नाही. फक्त तिची नजर एकदा त्या हाताकडे गेली आणि परत आली. त्यानंतर आईनं आपली गाडी तिकडे कधी नेली नाही. लांब पडतं, असं ती सांगायची.

पाना तपासल्याच्या त्याच आठवड्यात तिनं फोन केला. मनात एक मधला मार्ग जुळवून ठेवला होता: बसवायचं काम आपण करायचं, ट्यूनिंग मुलीनं. दोघींचाही मान राहील. पलीकडे ग्राइंडर चालू होता, तो बंद झाल्यावर मुलीचा आवाज स्वच्छ आला.

"खोका उघडलास?"

"उघडला."

"आणि सगळं मोजलंस."

"पुलीच फक्त." मग जरा थांबून, "आणि ब्रॅकेट."

मुलगी हसली. ते हसणं मनापासूनचं होतं आणि तिला त्याचा आधार वाटला. तिनं आपला मधला मार्ग मांडला.  मुलगी म्हणाली, "नाही आई. दुसऱ्यानं बसवलेल्यावर मी ट्यूनिंग करत नाही, कुणाचंच. काय कुठे कसं आवळलंय ते मला माहीत नसतं. एक तर सगळं तू कर आणि दुसरं कोणी शोध, नाहीतर सगळं मी करते."

'दुसऱ्यानं' ह्या शब्दात आपण आलो, हे तिच्या मनात आलं. पण त्यात राग नव्हता. नियम होता, आणि नियम तिला कळत होता. ती म्हणाली, "मग तू कर." म्हटल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की फोन ठेवल्यावर ती काही वेळ तशीच उभी राहिली. परीक्षेत वेळ संपण्याआधीच पेपर देऊन बाहेर पडलेल्या मुलासारखी.

गाडी तिकडे होती तेवढे दिवस ती एकदाही गेली नाही. फोनही केला नाही. घरात ह्या खोलीतून त्या खोलीत हिंडायची, पडदे सारखे करायची. नवरा म्हणाला की बायको आत बाळंत होतेय आणि बाप बाहेर फेऱ्या घालतोय, असं तुझं चाललंय. तिला हसू आलं. त्या दिवसांत तिच्या मनात मुलीशी बोलण्याचे कितीतरी तुकडे तयार झाले. काम छान झालंय. असं मला जमलं नसतं. तुझा पाना माझ्याकडे आला होता, त्या महिन्यात आलेल्या सगळ्यांत तो चांगला होता. साधी वाक्यं, शाळेच्या पुस्तकातल्यासारखी. ती बसमध्ये खिडकीशी बसून ती घोकायची.

गॅरेजात पोचली तेव्हा मुलीचा भागीदार दारातच होता, आडवा-उभा धिप्पाड माणूस. "काकू, आता गाडी पहिली राहिली नाही हं," तो म्हणाला, "पायाला जरा आवर घाला." मुलीनं बॉनेट उघडलं. आत पंप बसला होता, जणू कारखान्यातूनच तिथे होता. पट्टा सरळ, नळ्या कुठेही घासत नव्हत्या, प्रत्येक वायर बांधलेली. आणि प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून खाली, पंपाला धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटवर उतरणारी एक बारीक हिरवी रेघ. मुलीनं सांगितलं की ज्यानं बोल्ट शेवटचा आवळला त्यानं लगेच ती मारायची. बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ मोडते, बघताक्षणी कळतं. इथे प्रत्येकाचा रंग वेगळा, पिवळा भागीदाराचा, हिरवा तिचा. ह्या गाडीवर पिवळा कुठेच नव्हता. सगळं काम मुलीनं एकटीनं केलं होतं, एकाही बोल्टला दुसऱ्याचा हात लागू दिला नव्हता, आणि हे तिनं तोंडानं सांगितलं नाही. आई खाली वाकून त्या रेघा बघत राहिली. सरळ, एका जाडीच्या, न थरथरलेल्या. घोकलेलं वाक्य ओठांपर्यंत आलं. आणि ती म्हणाली, "पट्ट्याचा ताण किती ठेवलास?"

मुलीनं आकडा सांगितला. बरोबर होता.

चढावर मुलगीही सोबत आली. इंजिन कसं ओढतंय ते ऐकायचं होतं. शेजारच्या सीटवर ती डोळे मिटून बसली, हात मांडीवर, मान किंचित तिरकी. पहिल्या वळणावर पंपाचा बारीक सूर ऐकू यायला लागला, शिट्टी आणि गुणगुण ह्यांच्या मधला. दुसऱ्या वळणाआधी सवयीनं तिचा हात गिअरकडे गेला तर मुलगी डोळे न उघडता म्हणाली, "राहू दे. तिसऱ्यावरच राहू दे." गाडी तिसऱ्यावरच चढली. पुढचा ट्रक जवळ आला, बाजूला आला, मागे पडला. तिच्या छातीत काहीतरी उघडल्यासारखं झालं, जणू हवा इंजिनात नाही, तिच्यातच भरली जात होती. तिनं शेजारी बघितलं. मिटलेल्या डोळ्यांची मुलगी हसत होती, अगदी थोडं, स्वतःशी. बोलावं असं फार वाटलं. पण बोललो तर हिला इंजिन ऐकू येणार नाही, म्हणून ती गप्प राहिली. वर धरणाच्या भिंतीवर दोघी वाऱ्यात उभ्या राहिल्या. मुलगी म्हणाली की महिनाभर चालव, सगळं तापू दे, निवू दे, बसू दे, मग आण, मी एकदा सगळं बघते. "तोवर नुसती चालव," ती म्हणाली. आईनं मान डोलावली. तो दिवस तिच्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांपैकी होता, आणि हे तिला त्याच दिवशी कळलं होतं. असं नेहमी होत नाही.

रविवारी दुपारी नवरा झोपला होता. तिनं बॉनेट उघडलं ते नुसतं बघायला. मग घरचा टॉर्क पाना घेतला तोही, तिला नंतर कितीही आठवून बघितलं तरी, काही ठरवून घेतलेला नव्हता. पत्रकातला आकडा तिला पाठ होता. मूठ त्या आकड्यावर आणली, पाना ब्रॅकेटच्या वरच्या बोल्टला लावला आणि ओढला. टक् होण्याआधी बोल्ट जरासा फिरला. त्या क्षणी तिच्या आत जे झालं त्याची तिला पुढे सर्वांत जास्त लाज वाटली. तो धक्का नव्हता, काळजी नव्हती. तो आनंद होता. थंड, बारीक, जुन्या ओळखीचा. सापडलं. दुसऱ्या बोल्टला लावला, तोही फिरला. तिसरा. हाताला आता थांबायचं कारण नव्हतं. तो आपला आपण एकामागून एक बोल्ट घेत गेला, समोरासमोरचे आधी, आणि प्रत्येक टक् बरोबर एक एक रेघ मोडत गेली. ती रेघांकडे बघत नव्हती. ती ऐकत होती.

शेवटच्या बोल्टनंतर ती सरळ उभी राहिली आणि मग तिला दिसलं. दिसत होत्या तेवढ्या सगळ्या रेघा मोडल्या होत्या. अर्धी रेघ बोल्टवर, अर्धी खाली, आणि दोन तुकड्यांच्या मध्ये अंतर. प्रत्येक ठिकाणी सारखंच अंतर. हे सारखेपण तिच्या मेंदूनं, इतक्या वर्षांच्या सवयीनं, तिच्या आधी वाचलं. निष्काळजी हात एक बोल्ट सैल ठेवतो, एक घट्ट. सगळे सारखेच सैल असतील तर ते सैल नसतात; ते कुणीतरी विचार करून तेवढेच ठेवलेले असतात. तिनं टॉर्च आणला. बोल्टच्या मानेशी राखाडी चकाकणारा ओशट कण दिसला. मुलीनं आट्यांना पेस्ट लावली होती, ॲल्युमिनियममध्ये बोल्ट जाम होऊ नयेत म्हणून. आणि ओशट आट्यांना जोर कमी लावायचा असतो, कारण घर्षण कमी होतं आणि तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो. पत्रकातला आकडा कोरड्या आट्यांचा होता. हे तिला माहीत होतं. कुणी विचारलं असतं तर तिनं फळ्यावर लिहून समजावलं असतं. मुलीनं हिशोब करून कमी जोर ठेवला होता, आणि तिनं येऊन तो मोडला होता. आता प्रत्येक बोल्ट हवा त्यापेक्षा जास्त ताणलेला होता. आधी तिथे काहीही चुकलेलं नव्हतं. आता होतं.

नवरा झोपेतून उठून आला तेव्हा ती गाडीच्या पुढे पायरीवर बसली होती. त्यानं बॉनेटमध्ये डोकावलं. त्याला यंत्रातलं काही कळत नसे, पण रेघा कुणालाही दिसल्या असत्या. त्यानं विनोद केला नाही. ती म्हणाली, "सगळे सारखेच फिरले."

"म्हणजे?"

"म्हणजे तिचं बरोबर होतं."

"हे तुला फिरवल्यावर कळलं."

तिनं मान हलवली. बोल्ट सैल करून कमी जोरावर पुन्हा आवळणं हे अर्ध्या तासाचं काम होतं. तशा रेघा मारायच्या हिरव्या रंगाच्या कांड्या प्रयोगशाळेच्या कपाटातही होत्या. सोमवारी तिनं त्यातली एक पर्समध्ये टाकली आणि कागदावर रेघ मारून बघितली. रंग तोच. हातही तिचा स्थिर होता, रेघा मुलीइतक्याच सरळ आल्या असत्या. नव्यानं रुजू झालेल्यांना ती शिकवायची की दोन गोष्टींमधला फरक कुठल्याही उपायानं मोजता येत नसेल तर तो फरक नाही असं धरावं. जेवणाच्या सुट्टीत तो कागद समोर ठेवून ती बसली. शेजारी शेजारी पाच रेघा, आणि त्यांतली एकही मुलीची नव्हती. तिनं कांडी कपाटात परत ठेवली. गाडी त्या आठवड्यात तिनं चालवली नाही, आणि महिना भरायची वाट न बघता, पहिल्या मोकळ्या दिवशी, पायाला आवर घालून, अगदी सावकाश गॅरेजात नेली.

मुलगी दुसऱ्या गाडीखालून बाहेर आली. लवकर आलीस, म्हणाली, काही आवाज येतोय का. तिनं नाही म्हटलं आणि स्वतःच बॉनेट उघडलं. वाटेत ठरवलेलं सांगणं पुरतं सुरू व्हायच्या आधीच मुलीनं हातातला दिवा आत धरला होता. दिवा एका बोल्टवरून दुसऱ्यावर गेला, घाई न करता, एकही न गाळता. आईनं तो दिवा बघितला, मुलीचा चेहरा बघितला नाही. भागीदार येत होता, तो अर्ध्या वाटेतच वळून परत गेला.

"कितीवर आवळलेस?"

तिनं आकडा सांगितला.

"पत्रकातला."

"हो. पेस्ट नंतर दिसली."

"सगळे सारखे फिरले?"

"सगळे. एकसारखे." मग तिनं ते वाक्य म्हटलं, आणि म्हणताना तिला कळलं की हे आपण तिला कधीच म्हटलेलं नाही, नाड्यांना नाही, गणितांना नाही, रस्त्याच्या कडेला आवळलेल्या त्या नटांनाही नाही. "तुझं बरोबरच होतं."

मुलीनं मान हलवली. तेवढीच. जणू कुणीतरी कितीतरी वर्षं जिची वाट बघितली ती गोष्ट पोचती झाली, पण घरात तो माणूस आता राहत नव्हता. ती रागावली नव्हती. राग आला असता तर आईनं त्याला धरून काही केलं असतं. मुलीनं भिंतीवरून पाना काढला, मुठीवर कमी आकडा आणला आणि तो आईच्या हातात दिला.

"सगळे सैल कर आणि ह्यावर आवळ. आटे अजून शाबूत दिसतायत, तुझ्या हातांना कळेलच." मग टेबलावरच्या डब्यातून एक कांडी काढून बंपरवर ठेवली. पांढरी. "गिऱ्हाइकानं स्वतः आवळलं की आम्ही पांढरी मारतो. पुढे कोणी गाडी उघडली तर त्याला कळलं पाहिजे."

"तू नाही करणार?"

"आई, माझं करून झालं होतं."

हे तिनं हळूच म्हटलं, समजुतीनं, दुखणाऱ्या दाताच्या बाजूनं चावू नकोस असं बाप ज्या आवाजात लोकांना सांगे त्या आवाजात. मग एका गिऱ्हाइकाचा फोन वाजला आणि ती बोलत बोलत आतल्या खोलीकडे गेली. हो, उद्या देते, हो, मीच बघितलंय, काही काळजी करू नका.

आई एकटी गाडीवर वाकली. बोल्ट सैल केले, पुन्हा आवळले, समोरासमोरचे आधी. आटे शाबूत होते. प्रत्येक टक् नंतर कांडी उघडून पांढरी रेघ मारली, जुन्या हिरव्या तुकड्यांच्या शेजारून. काम नीट झालं. किट स्वतः बसवायचं की दुकानात द्यायचं, ह्यावर तिनं इतके महिने घालवले होते, आणि शेवटी ते तिनंच बसवलं होतं. आता त्याचं जे काही होईल ते तिचं. मुलगी फोन संपवून आली आणि तिनं दिवा पुन्हा एकदा रेघांवरून फिरवला. खाली, पंपाच्या मागे, ब्रॅकेट इंजिनाला टेकतो त्या अंधाऱ्या फटीत, दिवा थांबला. तिथे एक बोल्ट होता. त्यावरची हिरवी रेघ अखंड होती.

"हा राहिला," मुलगी म्हणाली.

"तिथे पाना पोचत नाही."

"माझाही पोचत नव्हता. वरचं सगळं उतरवून आधी तो आवळला, मग पुन्हा सगळं चढवलं." एवढं सांगून तिनं दिवा बंद केला आणि फडक्याला हात पुसत दुसऱ्या गाडीकडे गेली.

आई कांडीचं टोपण हातात घेऊन उभी राहिली. इतक्या बोल्टांत तेवढा एक तिनं मुलीवर सोडला होता, आणि तोही हात पोचला नाही म्हणून.